‘सिक्स फीट ऑफ द कंट्री’ या कथेतील पात्रांचे विश्लेषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कथा कोणाची, कधीची, आणि तिच्यात घडते काय?

दक्षिण आफ्रिकेतील लेखिका नादिन गॉर्डिमर (१९२३–२०१४) यांची ही कथा १९५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९५६ मध्ये याच नावाच्या कथासंग्रहात समाविष्ट झाली. गॉर्डिमर यांना १९९१ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जोहान्सबर्गपासून दहा मैलांवर एका गोऱ्या जोडप्याने शेत विकत घेतले आहे. नवरा हा कथेचा निवेदक असून शहरातील एका उंची प्रवासी कंपनीत भागीदार आहे. शेताचा कारभार त्याची पत्नी लेरिस पाहते. एका रात्री मजुरांच्या वस्तीत एक तरुण मरण पावल्याचे कळते. कोंबड्यांची देखभाल करणाऱ्या पेट्रसचा हा भाऊ कामाच्या शोधात ऱ्होडेशियाहून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, विनापरवाना चालत आला होता आणि मजुरांनी त्याला लपवून ठेवले होते. शवविच्छेदनात न्यूमोनियाचे निदान होते आणि अधिकारी प्रेत परस्पर पुरून टाकतात. पेट्रसला भावाचे प्रेत परत हवे असते. ते उकरून काढण्याचा खर्च वीस पौंड आहे असे कळल्यावर तो मजुरांकडून ती रक्कम गोळा करून आणतो. वडील ऱ्होडेशियाहून येतात, अंत्ययात्रा निघते, आणि वाटेतच लक्षात येते की शवपेटीत दुसराच कोणी माणूस आहे. खरे प्रेत कधीच सापडत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

विश्लेषणापूर्वी वर्णभेदाच्या कोणत्या कायद्यांची माहिती हवी?

सगळ्या कायद्यांची यादी पाठ करण्याची गरज नाही, कारण कथेला प्रत्यक्ष भिडणारे कायदे मोजकेच आहेत. मे १९४८ च्या निवडणुकीत वर्णभेदाचा पुरस्कार करणारा गोऱ्यांचा पक्ष, नॅशनल पार्टी, सत्तेवर आला. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक व्यक्तीवर वंशाचा शिक्का मारला. १९५२ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांच्या जुन्या निरनिराळ्या पासांच्या, म्हणजे जवळ बाळगाव्या लागणाऱ्या परवान्यांच्या, जागी एकच ‘रेफरन्स बुक’ आणले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीमुळे परवानगी नसलेल्या कृष्णवर्णीयाला शहरी हद्दीत ७२ तासांपेक्षा जास्त थांबता येईनासे झाले. शेजारच्या देशांतून खाणींसाठी मजूर रीतसर भरती करून आणले जात असत, परंतु आपल्या पायांनी चालत येऊन काम शोधणारा माणूस मात्र गुन्हेगार ठरत असे. पेट्रसचा भाऊ असाच एक ‘गुन्हेगार’ आहे, आणि तो आजारी असल्याचे मजुरांनी मालकाला का सांगितले नाही याचे उत्तर त्यांच्या स्वभावाइतकेच या कायद्यांतही शोधावे लागते.

पौंडांबद्दल एक खुलासा: दक्षिण आफ्रिकेत १९६१ पर्यंत पौंड हेच चलन होते.

निवेदक हा कथेतील खलनायक आहे का?

नाही, आणि त्याला खलनायक ठरवून मोकळे होणे ही या कथेच्या वाचनातील सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. तो मजुरांना मारत नाही, शिवीगाळ करत नाही, त्यांचे पैसे बुडवत नाही. पोलीस अधिकारी जेव्हा त्याला विचारतो की स्वतःच्या नोकरांवर तुमची काही देखरेख असते की नाही, तेव्हा तो चिडून सांगतो की ते काम नीट करत असतील तर त्यांच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणे मी माझे काम समजत नाही. त्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचा वंशश्रेष्ठत्वाचा माज त्याला स्पष्ट दिसतो आणि त्याची त्याला किळसही येते. प्रेताच्या शोधासाठी तो कार्यालयांना सतत दूरध्वनी करतो आणि खेटेही घालतो. इतके करणारा मालक त्या काळी विरळाच म्हणावा लागेल.

तरीही कथा वाचून संपताना या माणसाविषयी मनात एक खोल अस्वस्थता उरते, आणि ती कशातून निर्माण होते हे शोधणे हेच खरे विश्लेषण होय. शहरातील गोऱ्यांच्या उशाखाली बंदुका असतात, खिडक्यांना चोरांच्या भीतीने गज असतात, आपल्या शेतावर मात्र यातले काहीच नाही, याचे त्याला समाधान आहे. आपले आणि मजुरांचे नाते जवळजवळ सरंजामी आहे हे तो स्वतःच मान्य करतो. ते चुकीचे, कालबाह्य असेल, पण सगळ्यांनाच सोयीचे आहे असेही सांगतो. या ‘सगळ्यांना’मध्ये मजूर आहेत की नाहीत, हे त्याने कोणाला विचारलेले नाही. त्याचे शेत शहरापासून दहा मैल दूर असले तरी कायद्यापासून एक पाऊलही दूर नाही, हे त्याला पेट्रसच्या झोपडीतील प्रेतामुळे कळायला हवे होते. तो मात्र त्या रात्री मुख्यतः त्रासलेला असतो, कारण आता पोलिसांना आणि आरोग्य खात्याला कळवण्याचे काम अंगावर आले.

पुढे प्रेताची अदलाबदल उघडकीस आल्यावर तो पेटून उठतो, तेव्हाही त्याचा मुद्दा तत्त्वाचा असतो: अधिकाऱ्यांनी फसवणूक करून निसटता कामा नये. हा राग खोटा नाही. मात्र त्या रागाचे मूळ एका नागरिकाच्या दुखावलेल्या अभिमानात आहे. भाऊ गमावलेल्या माणसाच्या दुःखापर्यंत तो पोहोचत नाही. विद्यार्थ्यांनी उत्तरात ‘निवेदक सहृदय आहे’ किंवा ‘निवेदक निर्दय आहे’ असे एकच विशेषण चिकटवण्याऐवजी, तो नेमका कोणत्या क्षणी हलतो आणि कोणत्या क्षणी हलत नाही याची नोंद करावी.

निवेदकाच्या शब्दांवर कितपत विश्वास ठेवावा?

घटनांच्या बाबतीत पूर्ण, अर्थाच्या बाबतीत फार कमी. तो खोटे बोलत नाही; त्याची नजर तीक्ष्ण आहे आणि आपले वैवाहिक जीवन पोकळ झाल्याचे तो लपवत नाही. त्या रात्री तो पत्नीच्या खोलीत झोपलेला नसतो, हेही तोच सांगतो. अडचण अशी की त्याला जे दिसते त्यातून त्याला जे समजते ते पुष्कळदा तोकडे असते. मजुरांनी वीस पौंड जमवले याचे त्याला आश्चर्य वाटते, पण त्याहून अधिक चीड येते, कारण गरीब लोक जगताना पोटाला चिमटा घेतात आणि मरणानंतरच्या सोपस्कारांवर पैसा घालवतात, असा त्याचा निष्कर्ष असतो. या वाक्यात लोकांची हलाखी अचूक दिसते आणि त्यांचा हेतू मात्र पार हुकतो. म्हणून पेट्रसविषयी लिहिताना निवेदकाची विशेषणे बाजूला ठेवावीत आणि पेट्रसच्या कृती हाती धराव्यात. हे पथ्य पाळले तर या कथेतील निम्मे गैरसमज टळतात.

लेरिस नवऱ्यापेक्षा अधिक सहानुभूतीने वागते, असे म्हणता येईल का?

म्हणता येईल, पण तेवढ्यावर थांबू नये. लेरिसला अभिनेत्री व्हायचे होते. शेताचा नाद तिला महिना दोन महिने टिकेल अशी नवऱ्याची अटकळ होती. ती तिने खोटी ठरवली आणि तिचे हात कष्टाने खरखरीत झाले आहेत. मजुरांशी तिचा रोजचा संबंध आहे. त्यामुळे तरुणाच्या मृत्यूची बातमी कळल्यावर तिला बसणारा धक्का खरा आहे, पण तो धक्का कशाचा आहे हे पाहण्यासारखे आहे. तो आजारी होता हे निदान आम्हाला तरी सांगायचे, असे ती पुन्हा पुन्हा म्हणते. तिच्या मनात आपण त्यांच्या विश्वासातल्या आहोत अशी एक प्रतिमा होती आणि त्या रात्री ती तडकली. मजुरांच्या बाजूने पाहिले तर मालकिणीच्या चांगुलपणावर एका माणसाचे स्वातंत्र्य पणाला लावणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि ही साधी गोष्ट लेरिसलाही सुचत नाही.

मात्र एका जागी लेखिकेने तिला नवऱ्यापासून स्पष्टपणे वेगळे काढले आहे. निवेदक प्रेताविषयी बोलत असताना त्याला क्षणभर असे वाटते की लेरिस आणि पेट्रस यांचे चेहरे अगदी एकसारखे दिसत आहेत. एक गोरी, उंच कपाळाची, सडपातळ बाई आणि एक अनवाणी मजूर. तरीही दोघांच्या नजरेतील अपेक्षा एकच आहे. निवेदकाला हे साम्य विचित्र वाटते आणि तो त्यापलीकडे जात नाही. माझ्या मते लेरिसच्या व्यक्तिरेखेची किल्ली याच वाक्यात आहे: त्या घरात तिलाही स्वतःच्या बळावर काही घडवून आणता येत नाही, तिलाही नवऱ्याकडे पाहत राहावे लागते. अर्थात तिची परावलंबी स्थिती आणि पेट्रसची गुलामीसारखी स्थिती या समान आहेत असे लिहिणे अतिशयोक्तीचे होईल.

पेट्रस इतका कमी बोलतो. मग त्याच्याविषयी लिहायचे काय?

पुष्कळ लिहिता येते, आणि अनेक उत्तरपत्रिकांत नेमका तोच भाग कोरा राहतो. पेट्रसला ‘दीन’, ‘मूक’, ‘असहाय’ म्हणून संपवले जाते. प्रत्यक्षात कथेतील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची घटना पेट्रसमुळे घडते. भावाला आसरा देण्याचा धोका तो पत्करतो. प्रेत परत हवे ही मागणी त्याचीच. ते आता पुरले गेले आहे, काही करता येणार नाही, असे मालक सांगतो तेव्हा तो वाद घालत नाही आणि निघूनही जात नाही. तो उभा राहून मालकाकडे पाहत राहतो. गोऱ्यांजवळ सर्व काही असते आणि ते काहीही करू शकतात, तेव्हा ते करत नसतील तर त्यांची इच्छा नसते, ही समजूत त्या नजरेत असल्याचे निवेदकाला जाणवते. वर्णभेदाच्या व्यवस्थेत कृष्णवर्णीय मजुराला मालकापुढे जितका आग्रह धरता येणे शक्य होते, तितका पूर्ण आग्रह त्याने या एका नजरेने धरला आहे.

त्यानंतर वीस पौंड येतात. ती रक्कम ऐकून विषय मिटेल अशी मालकाची खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रस चुरगळलेल्या, मळक्या आणि काही कोऱ्या नोटा घेऊन उभा राहतो. फ्रान्झ, आल्बर्ट, स्वयंपाकीण डोरा, माळी जेकब आणि आसपासच्या शेतांवरील कोण कोण मजूर, अशा सगळ्यांचा तो पैसा असावा असे निवेदकाला वाटते. हे विधान साधे वाटते, पण त्यामागे एका रात्रीत हललेला संपूर्ण समाज आहे. त्या समाजाची आपसातील बोलणी, ठरवाठरवी, कोणी किती द्यायचे याचा निर्णय, यातले काहीही निवेदकाला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. ज्या मजुरांकडे तो नोकर म्हणून पाहतो, त्यांची स्वतःची एक सामाजिक रचना, कर्तव्यांची जाणीव आणि परस्परांवरचा विश्वास आहे, याचा हा ठोस पुरावा आहे. पेट्रसच्या व्यक्तिरेखेवर लिहिताना हा प्रसंग केंद्रस्थानी ठेवावा.

वडील फक्त शेवटच्या भागात येतात. त्यांचे महत्त्व काय?

मजुरांनी मागून आणलेल्या गाढवगाडीवर शवपेटी ठेवून यात्रा निघते, तेव्हा निवेदक आपल्या गोल्फच्या काठीने चेंडू मारण्याचा सराव करत असतो आणि यात्रा जवळून जाऊ लागल्यावर अवघडून थांबतो. थोड्या वेळाने यात्रा मध्येच थबकते. आपला मुलगा इतका जड नव्हता, असे म्हातारा सांगतो. पेटी उघडली जाते आणि आत कपाळावर टाके घातलेल्या जखमेचा व्रण असलेला एक धिप्पाड अनोळखी माणूस दिसतो.

सरकारी नोंदी, प्रेताचे क्रमांक, शवागाराची कागदपत्रे यांना जे कळले नाही ते बापाला मुलाच्या वजनावरून कळते. कथेत कृष्णवर्णीय पात्राने आपल्या ज्ञानाच्या जोरावर गोऱ्यांच्या व्यवस्थेला खोटे पाडल्याचा हा एकमेव उघड क्षण आहे. शिवाय तो आर्जव करत नाही. तो एक वस्तुस्थिती सांगतो आणि सगळ्यांना थांबावे लागते. शेवटी लेरिस आपल्या वडिलांचा एक जुना सूट त्याला देते, कारण दोघांची अंगकाठी साधारण सारखी होती, आणि थंडीच्या दृष्टीने तो आला त्यापेक्षा बऱ्या स्थितीत परत गेला असे निवेदक नमूद करतो. मुलाचे प्रेत घेण्यासाठी आलेला बाप दुसऱ्याच्या बापाचे कपडे घेऊन परततो, यातील भीषणता निवेदकाच्या लक्षात आलेली नाही. वाचकाच्या ती लक्षात येते, आणि या दोहोंमधील अंतरातच लेखिकेचे कौशल्य आहे.

मेलेल्या भावाला पात्र मानावे का? त्याला तर नावही नाही.

अवश्य मानावे. तो कथेत एकदाही बोलत नाही, त्याला जिवंत पाहिल्याचे वर्णनही नाही, तरी बाकी सर्व पात्रांची पारख त्याच्यामुळेच होते. नावाविषयी मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. निवेदकालाही नाव नाही आणि वडिलांनाही नाही, तेव्हा ‘नाव नाही म्हणजे माणूसपण नाकारले’ हे सूत्र सरसकट लागू पडत नाही. निवेदकाला नाव नाही कारण तो ‘मी’ म्हणून बोलतो आणि त्याच्या जगात त्याला ओळख सिद्ध करावी लागत नाही. भावाच्या बाबतीत परिस्थिती उलटी आहे: परवान्याशिवाय आल्यामुळे कागदोपत्री तो देशात अस्तित्वातच नव्हता, आणि कागदावर नसलेला माणूस शवागारात हरवला तर त्याला शोधण्याचा मार्गही उरत नाही.

पेटीतील त्या अनोळखी माणसालाही विसरू नये. त्याचेही कोणी घरचे असतील, आणि त्याला कोठे पुरले हे त्यांनाही कळलेले नसेल. या एका चुकीत दोन कुटुंबे भरडली गेली, हे बहुतेक उत्तरांत येत नाही.

पोलीस आणि आरोग्य खात्यातील अधिकारी ही पात्रे सपाट का आहेत?

ती सपाट असणेच योग्य आहे. पोलीस अधिकारी सोडला तर बाकीच्यांचे चेहरेही दिसत नाहीत. वर्णभेदाची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर अशाच टेबलांवरून चालली. एकेका कारकुनाच्या मनात द्वेष असण्याची तिला गरज नव्हती. इतके कृष्णवर्णीय चेहरे आहेत, त्यातला एखादा चालून जाईल, ही बेपर्वाई तिला पुरेशी होती.

लेखिका स्वतः गोऱ्या होत्या. मग कृष्णवर्णीय पात्रांचे त्यांचे चित्रण अस्सल मानावे का?

हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेतही गंभीरपणे विचारला गेला आहे आणि तो टाळू नये. या कथेपुरते म्हणायचे तर, पेट्रसच्या मनात शिरून बोलण्याचा दावा गॉर्डिमर करत नाहीत. त्यांनी एक गोरा निवेदक निवडला, त्याच्या नजरेच्या मर्यादा जपल्या, आणि त्या मर्यादांपलीकडे एक मोठे आयुष्य चालू आहे हे वाचकाला जाणवू दिले. ही निवड मला प्रामाणिक वाटते. पेट्रसची बाजू आतून वाचायची असेल तर त्या काळातील कृष्णवर्णीय लेखकांच्या कथा सोबत वाचाव्यात; एका कथेने दोन्ही कामे करावीत ही अपेक्षा अवास्तव आहे.

मराठी वाचकाने या कथेची तुलना जातिव्यवस्थेशी करावी का?

करता येईल, पण जपून. महाराष्ट्रातील अनेक गावांत जातीनुसार वेगळ्या स्मशानभूमी राहिल्या आहेत, त्यामुळे मेल्यानंतरही माणसाची जागा व्यवस्था ठरवते ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मृतदेह योग्य रीतीने निरोप देण्यासाठी हाती यावा ही पेट्रसची निकड समजण्यासाठीही मराठी वाचकाला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज भासत नाही. परंतु वर्णभेद ही संसदेने कायदे करून उभारलेली, पास आणि परवान्यांवर चालणारी विसाव्या शतकातील राज्ययंत्रणा होती, तर जातीचा इतिहास आणि कार्यपद्धती वेगळी आहे. आणखी एक फरक कथनाचा आहे: मराठी दलित कथा प्रामुख्याने ज्याने सोसले त्याच्या तोंडून येते, आणि येथे मात्र मालक बोलतो. दोन्हींचे वाचन एकाच पद्धतीने केले तर दोन्हींवर अन्याय होतो.

याच लेखिकेच्या दुसऱ्या कोणत्या लेखनाशी पात्रांची तुलना करता येईल?

१९७४ चे बुकर पारितोषिक विभागून मिळवणारी त्यांची ‘द कॉन्झर्वेशनिस्ट’ ही कादंबरी सर्वांत जवळची आहे. तिच्यातही जोहान्सबर्गजवळ हौसेने घेतलेले शेत आहे, शनिवार-रविवारी तेथे येणारा मेहरिंग नावाचा श्रीमंत गोरा उद्योगपती आहे, आणि त्या शेतावर सापडलेले एका अनोळखी कृष्णवर्णीयाचे प्रेत आहे, जे पोलीस तेथेच कसेबसे पुरून निघून जातात. तुलना करताना मालकांच्या स्वभावापेक्षा कथनाच्या रचनेकडे अधिक लक्ष द्यावे. लघुकथेत आपण एका माणसाच्या नजरेबाहेर पाऊल टाकू शकत नाही. कादंबरी मेहरिंगच्या मनात दीर्घकाळ राहूनही मजुरांच्या आणि शेजारच्या भारतीय दुकानदार कुटुंबाच्या जगात जाऊन येते, आणि त्या प्रेताला रीतसर मूठमाती देण्याचे काम तेथे मजुरांच्या हातून पूर्ण होते.